हौशी रेडिओ-मंडळे आणि अंकीय वाणीचे रिपीटर : एका तांत्रिक परंपरेचा इतिहास

१. विषयप्रवेश

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुधा तिघांचा इतिहास म्हणून लिहिला जातो : शास्त्रज्ञांचा, शासनसंस्थांचा आणि व्यापारी कंपन्यांचा. या तिघांच्या बाजूस आणखी एक वर्ग आरंभापासून उभा आहे. धनलाभाची अपेक्षा न ठेवता, केवळ विद्येच्या आवडीने बिनतारी यंत्रे बांधणाऱ्या आणि चालविणाऱ्या हौशी मंडळींचा तो वर्ग होय. जगभर त्यांना 'हॅम' या नावाने ओळखतात. सरकारी परवाना, स्वतःचे परिचयचिन्ह आणि नेमून दिलेल्या कंप्रता एवढ्या चौकटीत हे लोक परस्परांशी संभाषण करतात व गावोगावी मंडळे स्थापून सामाईक यंत्रे उभारतात. टेकडीवर किंवा उंच इमारतीवर बसविलेला रिपीटर हे अशा मंडळाचे सर्वांत ठळक सामाईक यंत्र म्हणावे लागेल.

गेल्या पाव शतकात या रिपीटरांची भाषा बदलली. पूर्वी अखंड लहरीच्या रूपाने जाणारा आवाज आता पुष्कळ ठिकाणी अंकांच्या रूपाने जाऊ लागला. वरवर पाहता ही केवळ तांत्रिक सुधारणा आहे. परंतु तिच्या पोटात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. जे यंत्र आपण वापरतो ते जाणून घेण्याचा, उघडून पाहण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा अधिकार वापरणाऱ्यास आहे किंवा नाही, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत मोठ्या प्रयोगशाळांपेक्षा लहान मंडळांचा वाटा अधिक आहे. त्या वाट्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. टप्प्याची कल्पना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१२ साली रेडिओचा कायदा झाला आणि हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याहून लहान तरंगलांबीच्या पट्ट्यात ढकलण्यात आले. या लहान लहरी त्या काळी दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी समजल्या जात. शक्तीवरही एक किलोवॉटची मर्यादा होती. म्हणजे जो भाग कोणासच नको होता तो हौशी मंडळींच्या वाट्यास आला.

या अडचणीतून जी कल्पना निघाली ती स्थानिक मंडळातून निघाली, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कनेटिकट संस्थानातील हार्टफर्ड येथे राहणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९१४ च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या एका हौशी चालकाशी संबंध जोडावयाचा होता. अंतर फारसे नव्हते, तरी संदेश पोहोचेना. तेव्हा वाटेवरील विंडसर लॉक्स या गावच्या हौशी चालकाने तो मध्येच घेऊन पुढे धाडला. डाकेच्या टप्प्यावर घोडा बदलावा तसा हा प्रकार झाला. मॅक्सिम यांनी ही युक्ती हार्टफर्डच्या रेडिओ मंडळापुढे मांडली आणि क्लॅरेन्स टस्का यांच्या साहाय्याने त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था स्थापन केली. 'रिले' हा शब्द तिच्या नावातच आहे. एकट्याचा आवाज जेथे थांबतो तेथे शेजाऱ्याने तो उचलावा, या समजुतीवर ती संस्था उभी राहिली.

पुढे निरुपयोगी ठरविलेल्या लहरींनीच आश्चर्य घडविले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथील लेआँ देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्त्स यांनी सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. १९२५ साली पॅरिस येथे हौशी मंडळांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशी केंद्रांना आंतरराष्ट्रीय कंप्रतापट्टे नेमून दिले. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची जी व्याख्या आढळते तिच्यात तीन हेतू सांगितले आहेत : स्वशिक्षण, परस्परसंभाषण आणि तांत्रिक अन्वेषण. धनलाभाचा हेतू तिच्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. स्वशिक्षण हा शब्द तेथे पहिल्या स्थानी आहे, हे पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

या स्वशिक्षणाचे फळ शांततेच्या काळापेक्षा संकटात अधिक स्पष्ट दिसते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हौशी चालकांना आपली प्रेषकयंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. तथापि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा त्याच्या यंत्राची बांधणी नरिमन प्रिंटर या हौशी चालकाच्या ज्ञानावरच झाली. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, वारंवार जागा बदलीत, ते केंद्र चालले. यंत्र जप्त करता येते. पण ते कसे बांधावे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या माहितीवर जप्ती आणता येत नाही. हौशी परंपरेचे मर्म या एका घटनेत सापडते.

३. टेकडीवरील यंत्र

दुसऱ्या महायुद्धानंतर अतिउच्च कंप्रतांचा वापर वाढला. या कंप्रतांच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर किंवा इमारत आड आली की संभाषण तुटते. हातात धरण्याच्या किंवा मोटारीत बसविण्याच्या लहान यंत्राचा पल्ला अर्थातच थोडा असतो. यावर उपाय म्हणून रिपीटर आला. उंचावर बसविलेले हे यंत्र एका कंप्रतेवर आवाज ग्रहण करते आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करते. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोन कंप्रतांतील अंतर सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ असते. एकाच एरियलवर एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे साधावयाचे असल्याने दोन्ही कंप्रता परस्परांपासून काटेकोरपणे अलग ठेवणाऱ्या धातूच्या पोकळ्या त्यास जोडाव्या लागतात. लॉस एंजेलिस येथे आर्ट जेन्ट्री यांनी १९५० नंतरच्या दशकात उभारलेला रिपीटर हा अगदी आरंभीच्या हौशी रिपीटरांपैकी मानला जातो. टॅक्सी आणि पोलीस खात्यांनी टाकून दिलेली जुनी यंत्रे पुढील काळात हौशी चालकांच्या हाती आली आणि रिपीटरांचा प्रसार झपाट्याने झाला. १९७२ साली अमेरिकेत त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमही झाले.

१९१४ मध्ये विंडसर लॉक्सचा चालक जे काम स्वतः बसून करीत होता ते आता यंत्र करू लागले. त्याबरोबर मंडळाचे स्वरूपही पालटले. जागेची परवानगी, मनोरा, विजेचा पुरवठा, पर्यायी बॅटरी, वीज पडण्यापासून संरक्षण, शेजारच्या मंडळाशी कंप्रतांबाबत समझोता आणि यंत्राच्या वापराची कायदेशीर जबाबदारी या गोष्टी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नव्हत्या. वर्गणी, बैठका आणि कामाची वाटणी त्यातूनच आली. रिपीटरभोवती मंडळ वाढले आणि मंडळामुळे रिपीटर टिकला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

या सर्व काळात रिपीटरमधील प्रत्येक भाग अभ्यासूस खुला होता. निर्वात नळी किंवा ट्रान्झिस्टर विकत आणावा लागे, पण त्याचे कार्य पाठ्यपुस्तकात दिलेले असे. आकृती पाहून कोणीही तसे यंत्र बांधू शके आणि बिघडल्यास दुरुस्त करू शके.

४. आवाजाचे अंक

आवाज अंकांत मांडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अॅलेक रीव्ह्ज यांनी १९३८ च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. तिच्यावर आधारलेल्या दूरध्वनीच्या रूढ पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्यास ६४,००० बिट लागतात. तारेवर हे चालते. हौशी रिपीटरच्या अरुंद कंप्रतापट्ट्यात एवढा पसारा मावत नाही.

त्यासाठी दुसरी वाट चोखाळावी लागली. बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांनी असे दाखविले होते की आवाजाची लहर जशीच्या तशी न पाठविता तो आवाज घशात व मुखात कसा घडला एवढेच पाठविले तरी पलीकडे त्याची पुनर्रचना करता येते. या तत्त्वावर चालणारे त्यांचे बोलणारे यंत्र १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पुढे बेल प्रयोगशाळेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ बिष्णू अटल आणि जपानमधील फुमितादा इताकुरा यांच्या संशोधनाने या विद्येला नवे गणिती अधिष्ठान मिळाले. १९८० नंतरच्या दशकात डॅनियल ग्रिफिन व जे लिम यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत आणखी एक पद्धती मांडली. तिच्यात आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्यांत कंठ्य नाद कोठे आहे व निव्वळ घर्षण कोठे आहे, हे वेगवेगळे ठरविले जाते. या पद्धतीपासून डिजिटल व्हॉइस सिस्टिम्स या कंपनीने व्यापारी स्वरूपाचे कोडेक तयार केले. कोडेक म्हणजे आवाजाचे संक्षिप्त अंकांत आणि अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारी पद्धती. या कंपनीचे 'अँबी' नावाचे कोडेक सेकंदाला अवघ्या २,४०० बिटांत समजण्याजोगा आवाज पाठवू शके. ६४,००० शी तुलना केली असता हा संक्षेप सव्वीस पटींहून अधिक भरतो.

अंकीय पद्धतीचा दुसरा लाभ टप्प्याच्या कल्पनेशी निगडित आहे. साध्या रिपीटरमध्ये आवाजाबरोबर खरखरही वाढते आणि पुढे जाते. अंकीय रिपीटर आलेले बिट ओळखतो, पदरी असलेल्या शुद्धिसंकेतांच्या साहाय्याने चुका दुरुस्त करतो आणि कोरे करकरीत बिट पुढे पाठवितो. टप्पे वाढले तरी खरखर साचत नाही. मात्र याची दुसरी बाजूही आहे. साधा आवाज क्षीण होत होत शेवटपर्यंत अर्धामुर्धा कानी पडतो, तर अंकीय आवाज एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि ती ओलांडताच एकाएकी नाहीसा होतो. अनुभवी कानाला खरखरीतूनही परिचयचिन्ह वेचता येते. येथे त्या कौशल्यास वाव उरत नाही.

५. बंद पेटी

हौशी सेवेसाठी म्हणून मुद्दाम घडविलेली पहिली प्रमुख अंकीय वाणीपद्धती जपानमध्ये निर्माण झाली. जपानच्या हौशी रेडिओ संघाने तेथील टपाल व दूरसंचार मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याने १९९८ मध्ये संशोधन आरंभिले आणि २००१ मध्ये 'डी-स्टार' ही पद्धती प्रसिद्ध केली. आयकॉम कंपनीने तिची यंत्रे बाजारात आणली. या पद्धतीत सेकंदाला ४,८०० बिट जातात. त्यांपैकी २,४०० आवाजाचे, १,२०० त्या आवाजाच्या शुद्धीचे आणि उरलेले १,२०० मजकुराचे असतात. एवढे सर्व ६.२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसविण्याची सोय आहे. शिवाय परिचयचिन्ह बोलण्याबरोबर आपोआप जाते, आणि इंटरनेटशी जोडलेल्या संगणकाच्या द्वारे एका गावचा रिपीटर परदेशातील रिपीटरशी सांधता येतो. अमेरिकेत या जोडणीची नोंदणी व विश्वसनीयता सांभाळणारा मध्यवर्ती संगणक टेक्सासमधील डॅलसच्या टेक्सास इंटरकनेक्ट टीम या हौशी गटाने चालविला. एका शहरातील मंडळ अशा रीतीने दूरवर पसरलेल्या जाळ्याचे जणू दप्तरदार बनले.

त्यानंतर इतर पद्धती आल्या. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले डी.एम.आर. हे मानक मुळात कारखाने, वाहतूक व सुरक्षा यांसारख्या व्यवसायांसाठी होते. त्यात १२.५ किलोहर्ट्झचा एकच पट्टा तीस तीस सहस्रांश सेकंदांच्या दोन आलटून पालटून येणाऱ्या वेळांत विभागला जातो आणि एका रिपीटरवर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. हौशी मंडळांना ही काटकसर पसंत पडली. २०१३ मध्ये येसू कंपनीने 'सिस्टिम फ्यूजन' ही आपली पद्धती पुढे आणली. या तिन्ही पद्धती एकमेकींस अनोळखी होत्या. पूर्वी एका गावातील कोणतेही यंत्र त्या गावच्या रिपीटरवर चाले. आता यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे यावर कोण कोणाशी बोलणार हे ठरू लागले आणि मंडळांत तट पडू लागले.

या तिन्ही भाषांत एक गोष्ट समान होती. आवाजाचे अंक करणारे कोडेक एकाच घराण्याचे, आणि ते बंद होते. डी-स्टारची संदेशरचना प्रसिद्ध होती, डी.एम.आर.चे मानकही प्रसिद्ध होते; पण दोहोंच्या मध्यभागी एक चिप होती, आणि ती विकत घेता येत असली तरी तिच्यातील पद्धती परवान्यावाचून स्वतः बांधता येत नव्हती. यावर असा आक्षेप घेतला जाई की पेटंट म्हणजे मुळातच प्रसिद्ध केलेले ज्ञान, मग गुप्ततेची तक्रार कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. पेटंटामुळे तत्त्व वाचावयास मिळते. त्याचा उपयोग करण्यास मात्र मुदत संपेपर्यंत मनाई असते, आणि प्रत्यक्ष बांधणीतील बारकावे कंपनीच्या कपाटात राहतात. वाचण्यास मोकळीक आणि करून पाहण्यास बंदी, अशी ही स्थिती होती. ज्या सेवेचा पहिला हेतू स्वशिक्षण आहे तिच्या दृष्टीने करून पाहण्याची बंदी हीच मुख्य हानी ठरते.

दुसरा आक्षेप नियमांसंबंधी होता. वेगवेगळ्या देशांतील हौशी केंद्रांनी अर्थ लपविण्याच्या हेतूने सांकेतिक संदेश धाडू नयेत, असे आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते. बंद कोडेकचा हेतू अर्थ लपविण्याचा नव्हता, आणि ज्याच्यापाशी चिप आहे त्या कोणासही तो आवाज ऐकता येई. त्यामुळे नियमाच्या शब्दास बाध येत नव्हता. परंतु पूर्वी साधा ग्राही बांधणारा शाळकरी मुलगाही गावच्या रिपीटरवरील बोलणे ऐकू शके, ती स्थिती आता राहिली नव्हती.

तथापि कंपन्यांच्या बाजूचाही विचार न्यायाने केला पाहिजे. १९९८ च्या सुमारास एवढ्या थोड्या बिटांत समजण्याजोगा आवाज देणारे, तयार चिपच्या स्वरूपात मिळणारे आणि मुक्त असे कोडेक हौशी मंडळींपाशी नव्हते. बंद चिप स्वीकारली नसती तर अंकीय वाणी हौशी क्षेत्रात कदाचित दहा वर्षे उशिराने आली असती.

६. मंडळांचे उत्तर

या अडचणीस जी उत्तरे मिळाली ती क्रमाने पाहता तीन दिसतात.

पहिले उत्तर रिपीटरच्या स्वरूपातच दडलेले होते. टप्प्यावरील हरकाऱ्यास पत्रातील मजकूर वाचण्याची गरज नसते. त्याने थैली सुरक्षित पुढे द्यावी एवढेच त्याचे काम. त्याचप्रमाणे रिपीटरने बिट शुद्ध करून पुढे धाडले म्हणजे पुरे, त्यांतून आवाज काढण्याचे त्यास कारण नाही. कोडेक लागतो तो बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या टोकाला. हे ओळखून ब्रिटनमधील जोनाथन नेलर यांनी प्रथम डी-स्टारच्या रिपीटरसाठी आणि पुढे डी-स्टार, डी.एम.आर., सिस्टिम फ्यूजन इत्यादी अनेक पद्धती एकाच यंत्रावर चालविण्यासाठी मुक्त आज्ञावल्या लिहिल्या. या दुसऱ्या योजनेचे नाव 'एम.एम.डी.व्ही.एम.' असे आहे. लहानसा सूक्ष्मनियंत्रक, रास्पबेरी पायसारखा स्वस्त संगणक आणि मंडळाकडे पडून असलेले जुने प्रेषक-ग्राही एवढ्यावर बहुभाषी रिपीटर उभा राहू लागला. आता कोणत्या पद्धतीचा संदेश आला हे रिपीटरच ओळखू लागला, आणि एका मनोऱ्याच्या छायेत निरनिराळ्या पद्धतींचे लोक एकत्र आले. मात्र एका पद्धतीचा आवाज भिन्न कोडेकच्या दुसऱ्या पद्धतीत उतरवावयाचा झाला तर पुन्हा बंद चिपपाशीच जावे लागे. म्हणजे तट कमी झाले, पण मूळ गाठ सुटली नाही.

दुसरे उत्तर कोडेकसंबंधीच होते. मुक्त आज्ञावलीचे पुरस्कर्ते ब्रूस पेरेन्स यांनी हा प्रश्न आग्रहाने मांडला, आणि ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रो यांनी २०१० च्या सुमारास 'कोडेक-२' या मुक्त कोडेकची रचना हाती घेतली. रो यांनी याच विषयात पूर्वी विद्यापीठीय संशोधन केले होते. पेटंटांच्या कक्षेबाहेरील जुन्या, सर्वज्ञात तत्त्वांचा आधार घेऊन त्यांनी सेकंदाला ३,२०० बिटांपासून हजारांहूनही कमी बिटांपर्यंतच्या श्रेणीत आवाज बसवून दाखविला. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वापरता येते.

तिसरे उत्तर पोलंडमधून आले. त्यामागील पार्श्वभूमी विचारात घेण्यासारखी आहे. पोलंडच्या हौशी चालकांचा संघ १९३० पासूनचा. १३ डिसेंबर १९८१ रोजी तेथे लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा हौशी रेडिओचे परवाने स्थगित झाले होते. यंत्र बाळगण्याचा व जाणण्याचा अधिकार शासनाच्या एका हुकुमाने जातो, हा अनुभव त्या देशातील जुन्या पिढीस होता. २०१९ मध्ये वॉर्सा येथील वोइचेख काचमार्स्की यांनी आरंभापासून अखेरपर्यंत मुक्त अशी अंकीय वाणीपद्धती रचावयास घेतली. संदेशाची रचना प्रसिद्ध, आज्ञावली प्रसिद्ध आणि कोडेकही मुक्त, म्हणजे कोडेक-२. या पद्धतीस त्यांनी 'एम-१७' असे नाव दिले. त्यांच्या स्थानिक हौशी मंडळाचा पत्ता मोकोतोव्स्का रस्ता, क्रमांक १७ असा होता. त्यावरून हे नाव पडले.

एम-१७ मध्ये सेकंदाला ४,८०० चिन्हे जातात आणि प्रत्येक चिन्ह दोन बिटांचे असल्याने एकूण ९,६०० बिट होतात. चाळीस सहस्रांश सेकंदांच्या प्रत्येक खंडात आवाजाचे १२८ बिट असतात. उरलेली जागा शुद्धिसंकेत, जुळणीची चिन्हे व परिचयाची माहिती यांस लागते. या सर्व मोजमापांत कोठेही 'येथे कंपनीची चिप बसवावी' असे लिहिलेले नाही. विद्यार्थ्याने संगणकावर ती पद्धती स्वतः लिहावी, चुकावे आणि पुन्हा लिहावे, एवढी मोकळीक तीत आहे. थोड्याच काळात निरनिराळ्या देशांतील हौशी चालक या कामात सामील झाले, नेलर यांच्या बहुभाषी योजनेतही एम-१७ ला स्थान मिळाले, आणि २०२१ मध्ये हौशी अंकीय संदेशवहनास साहाय्य करणाऱ्या एका अमेरिकन प्रतिष्ठानाचे अनुदानही लाभले.

एवढ्यावरून मुक्त पद्धतीचा विजय झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आजही जगातील बहुसंख्य अंकीय हौशी रिपीटर डी.एम.आर., डी-स्टार किंवा सिस्टिम फ्यूजन यांवरच चालतात, कारण त्यांची तयार यंत्रे सुलभपणे मिळतात. जुन्या कोडेकवरील पेटंटांची वीस वर्षांची मुदतही यथाकाळ सरत गेली. परंतु मुदत सरल्याने मिळणारी मोकळीक आणि स्वतः बांधून मिळविलेली मोकळीक यांत भेद आहे. पहिलीत केवळ वाट पाहावी लागते. दुसरीत ती विद्या जाणणारी माणसे तयार होतात.

७. भारतातील सूत्र

भारतात हौशी चालकांची अखिल भारतीय संघटना स्वातंत्र्यानंतर लगेच, १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयात स्थापन झाली. टप्प्याच्या कल्पनेने पुढे या देशात आकाशाचाही आश्रय घेतला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या 'हॅमसॅट' या उपग्रहावर दोन प्रक्षेपक होते. एक भारतीय बनावटीचा आणि दुसरा विल्यम लायनार या डच हौशी विद्यार्थ्याने बांधलेला. २०१४ पर्यंत तो उपग्रह हौशी चालकांच्या उपयोगी पडला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण 'स्वयम्' या उपग्रहाचे आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. हौशी चालकाने पाठविलेला अंकीय संदेश स्मरणात ठेवावा आणि पृथ्वीवरील दुसऱ्या ठिकाणावर आल्यावर तो तेथे उतरवावा, हा त्याचा हेतू होता. त्यात वाणी नव्हती, केवळ मजकूर होता. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हातून असे यंत्र घडू शकले याचे कारण असे की हौशी कंप्रता आणि त्यांवरील मजकुराच्या अंकीय पद्धती अभ्यासूस खुल्या होत्या. स्वशिक्षण हा शब्द नियमावलीत कशासाठी आहे, हे येथे सहज कळते.

८. समारोप

हा इतिहास अभ्यासताना साधनांच्या बाबतीत एक अडचण येते. हौशी मंडळे कागद फार राखीत नाहीत. नोंदवह्या, परिचयपत्रे, बैठकींची टिपणे आणि आकृत्या एवढीच त्यांची साधने. अंकीय काळात यांत बिटांच्या रूपाने साठविलेल्या संभाषणांची भर पडली आहे. महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकास या ठिकाणी एक परिचित गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे; परंतु मोडी वाचणारा नसेल तर ते दप्तर मुके आहे. मोडी लिपी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणूनच ती लोकव्यवहारातून गेल्यावरही शिकविता आली आणि शिकता आली. कोडेक ही आवाजाची लिपीच होय. ज्या लिपीचे अक्षर केवळ एका कंपनीच्या चिपलाच ठाऊक आहे तिच्यात लिहिलेले संभाषण शंभर वर्षांनी कोण वाचणार, हा प्रश्न हौशी मंडळींपुरता राहत नाही. तो पुढील काळाच्या इतिहासकाराचाही आहे.

१९१४ मध्ये हार्टफर्डच्या मंडळापुढे अंतराचा प्रश्न होता. शेजाऱ्याने आवाज उचलावा, या साध्या नियमाने तो सुटला. शंभर वर्षांनंतर वॉर्साच्या मंडळापुढे अंतराचा प्रश्न उरला नव्हता; इंटरनेटच्या जोडणीने तो जवळजवळ संपला होता. उरला होता तो आकलनाचा प्रश्न, आणि तोही त्याच पद्धतीने हाताळला गेला. ज्याला जे उमगले त्याने ते उघडपणे लिहून शेजाऱ्याच्या हाती दिले. रिपीटरची यंत्रे बदलत गेली, पद्धती आल्या आणि मागे पडल्या, पुढेही पडतील. या परंपरेत टिकून राहिलेली गोष्ट एवढीच की जे पुढे द्यावयाचे ते वाचता येईल अशा रूपात द्यावे. ही अट जोवर पाळली जाते तोवर टेकडीवरील त्या लहानशा पेटीस विद्यालयाचे स्वरूप राहते; ती सुटली की तिच्यात आणि बाजारातील इतर कोणत्याही उपकरणात काही अंतर उरत नाही.